सासू दारी, टक्

बकारामचा दात चांगला, असं आमच्या चिचटोल्यात म्हणत. त्याचं तोंड चांगलं, असं कोणी कधी म्हटलं नाही.

सौंदडच्या टेसनाजवळ गुलाबचंदचं धानाचं गोदाम होतं. दिवाळी झाली की गाड्यांमागे गाड्या लागायच्या. पोत्यात परखी खुपसायची, म्हणजे ती पन्हळीसारखी टोकदार सळई, मूठभर दाणे पोटात घेऊन बाहेर येते ती. त्यातला दाणा दाताखाली फोडायचा आणि माल सांगायचा. हे काम बकारामचं. दाणा कट्ट वाजला तर वाळलेला, चिवट निघाला तर ओला. तो "वला हाय" म्हणाला की गाडी माघारी. मग गाडीवाला पाया पडो की शिव्या देवो, बकाराम पुढच्या पोत्यात परखी खुपसून मोकळा. एकदा एक गरोदर बाई धान घेऊन आली होती. नवरा खाटेला खिळलेला. बकारामनं तिचा दाणा चावला, थुंकला आणि म्हणाला, "उन्हात वारव, मंग आन. तवपर्यंत पोटातलं बी पिकून जाईल." हमाल हसले. बाई गाडी वळवून गेली.

लोक त्यालाच परखी म्हणू लागले. परखीभाऊ. त्याला ते गोड लागायचं.

गाण्याशी त्याचं काही नातं नव्हतं. ते जुळलं गुलाबचंदच्या बाज्यापायी. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या साली गुलाबचंदनं गोंदियाहून बाजा आणला. चावीचा, पितळी भोंग्याचा. सोबत एकच तबकडी. काळी, गोल, मधोमध भोक. आम्ही तिला तवा म्हणायचो, दुसरं काय म्हणणार! गाडीतून उतरवताना हमालानं तव्याच्या गाठोड्यावर धानाचं लोखंडी वजन ठेवलं. तव्यावर एक खोल ओरखडा पडला. काळ्यावर काळा, कोणाला दिसतो! त्या हमालाचं नावही आता कोणाला ठाऊक नाही, पण पुढं दोन माणसं कामातून गेली ती त्याच्या हातानं.

तव्यावर गवळण होती. शहरातली कोणी बाई गायलेली. पुरी गवळण अशी होती:

भरली घागर, पाणी निळे, वाट पाहते सासू दारी
फुटली नाही, फोडली गं, सांगू कशी मी घरी
कदंबावर बसून हसतो, हसतो आहे हरी

पण आमच्या तव्यावर ती पुरी नव्हती. "सासू दारी" म्हणेपर्यंत सुई ओरखड्यावर यायची, टक् करून उडी मारायची आणि सरळ कदंबावर जाऊन बसायची. मधली ओळ सुईच्या पायाखालून निघून जायची. आम्हाला काय ठाऊक? आम्ही ऐकलं ते असं: वाट पाहते सासू दारी, टक्, कदंबावर बसून हसतो. दारीला हरी जुळलं. गाणं पुरं झालं.

आणि टक् तर लोकांना फारच आवडला. आमच्या दंडारीचा, म्हणजे गावातल्या नाचगाण्याच्या फडाचा, ढोलकीवाला आणि म्होरक्या बिसराम. त्यानं त्याचा अर्थही लावला. "हरीनं खडा मारला. घागरीले लागला. टक्! सबद नाही, काही नाही, अन् घागर फुटली. काय डोस्कं हाय गाना करनाऱ्याचं!" बिसराम त्या जागी ढोलकीच्या कडेवर काडी मारू लागला. कोणी चुटकी वाजवू लागलं, कोणी टाळूला जीभ लावून टक् करू लागलं. दोन-तीन सालांत आजूबाजूच्या साऱ्या टोल्या-वस्त्यांच्या दंडारी ती गवळण गाऊ लागल्या. साऱ्यांच्या गवळणीत टक्.

मग प्रश्न आला, की गवळण चांगली गातो कोण? बाजा गोदामात, बकाराम गोदामात. रोज धान मोजता मोजता त्यानं ती इतक्यांदा ऐकलेली, की खोकला कुठं दाबलाय बाईनं तेही तो सांगायचा. भांडणं त्याच्याकडं येऊ लागली. त्यानं धानाचीच रीत गाण्याला लावली. आधी तवा वाजवायचा, ती असल बानगी, म्हणजे नमुना. मग माणूस गाणार. बकाराम डोळे मिटून, आंगठा-बोट चोळत ऐकणार, जणू चिमटीत दाणा आहे. दम कुठं तुटला, अक्षर कुठं घसरलं, टक् कुठं पडला, इतकंच पाहायचं. शेवटी "खरा" किंवा "खोटा". त्याचा एक नियम होता, तो त्यानं साऱ्या परगण्याला पाठ करून दिला होता: पहिले आला तो असल, मांगून आला ते सारे नक्कल. नक्कल असलशी जुळली तर खरी, नाही तर खोटी.

ऐकायला माणसं जमायची ती त्याच्या बोलण्यासाठी. एका गाणाऱ्याला म्हणाला, "आवाज हाय, पर भिजल्या धानावानी. दाताले चिकटते." दुसऱ्याला, "तुझा टक् सासूच्या पहिले आला. घागर भराच्या आधीच खडा मारतस का बे? घाई बायकोपाशी करत जा." तो माणूस बायकोसमोर उभा होता.

घरात तर विचारू नका. त्याची बायको देवकाबाई कांडता कांडता गायची. सारं गाव तिचं कांडण ऐकून दिवस कुठवर आला ते सांगायचं. तिनंही गवळण उचलली. आता आमच्याकडं ण नाही आणि ळ नाही. ते देशावरच्या लोकांनी ठेवून घेतले. आमचं पाणी ते पानी, निळं ते निरं, त्यावाचून कोणी तहानलेला मेला नाही. पण तव्यावरच्या बाईजवळ दोन्ही होते. बकाराम उखळापाशी बसून सांगायचा, "पानी नाही, पाणी. म्हण. निळे. जीभ वर लाव, वर. म्हशीवानी काय लोरवतस?" स्वतः तो घरी-दारी पानीच म्हणायचा, पण तो काही गात नव्हता. देवकाबाईनं थोडे दिवस जीभ वर लावून पाहिली. मग तिनं गाणंच सोडलं. नुसतं कांडायची, धप धप. बकाराम म्हणाला, "बरं झालं. कान वाचले."

आता सेवकरामचं.

सेवकराम आमच्या दंडारीचा गाणारा. लहानपणी आलेल्या तापात त्याचा एक पाय वाळला होता. चिखलात तो पाय रुतला की निघत नसे, म्हणून धानाच्या बांधीत त्याचा काही उपयोग नाही. ना नांगराला, ना रोवण्याला. पण गळा असा की टाळ घेऊन उभा राहिला तर पोट्टे रडायचे थांबायचे. दंडार गावोगावी फिरे, धान निघालं की घरोघरून दंडारीला धान मिळे आणि त्यातला गाणाऱ्याचा वाटा सेवकरामचा. तो आणि त्याची बायको नंदाबाई वर्षभर तेच खात. गाणं गेलं तर चूल गेली, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बकारामलाही.

मालगुजारी गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सेवकराम गोंदियाला बिडीच्या कारखान्यात बसायला गेला. तिथल्या मुकादमाजवळ बाजा होता आणि हीच गवळण. तवा धड. सेवकरामनं तिथं पहिल्यांदा मधली ओळ ऐकली. फुटली नाही, फोडली गं, सांगू कशी मी घरी. येडाच झाला तो. दिवसभर बिड्या वळत ती ओळ तोंडात घोळवली, आणि दिवाळीला गावी आला तो ओळ गळ्यात लपवून. कोणाला बोलला नाही. मंडईत गाऊन दाखवीन, म्हणाला मनात.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगावी मंडई भरते. दुकानं, पाळणे, पाहुणे, आणि भर दुपारी आंब्याखाली दंडार. त्या साली गुलाबचंदनं बाजाही गाडीवर चढवून आणला होता. बकाराम खाटेवर बसला होता, पाय सोडून.

सेवकराम गाऊ लागला. सासू दारी येईपर्यंत साऱ्या मंडईच्या जिभा टाळूला लागलेल्या. बिसरामची काडी वर उचललेली. आणि सेवकरामनं डोळे मिटून ओळ सोडली: फुटली नाही, फोडली गं... बिसरामची काडी त्या ओळीच्या टाळक्यात पडली. टक्! ढोलकी एकीकडं, गाणं दुसरीकडं. सेवकराम तरी गात राहिला. डोळे मिटलेले, त्याला काय दिसणार.

"अबे टक् खाल्लास का?" कोणी ओरडलं.

"आवाज हागला सेवक्या!"

बकारामनं हात वर केला. "बाजा लावा."

तवा वाजला. सासू दारी, टक्, कदंबावर. बकारामनं विचारलं, "आयकलास?"

"आयकलो," सेवकराम म्हणाला. "पर परखीभाऊ, हा तवाच फुटका हाय. गोंदियाले मी रोज आयकत होतो. तथी ही ओर हाय."

"गोंदियाच्या पोत्याची बानगी गोंदियाले. मी अथलं पोतं पाहून राहिलो. ह्या तव्यावर हाय का?"

"नाही, पर..."

"नाही ना? मंग कोठून आनलास? घरून जोडलास."

"एक डाव चाल ना माझ्यासंग. मी नेतो तुले. तुझ्या कानानं आयक."

"तू नेतस? लंगडा मले नेते गोंदियाले!" बकाराम लोकांकडं वळला. "आता समजलं. पाय आखूड पडला, म्हून गानं लांब करून राहिला."

मंडई अशी हसली की पाळण्यावरची माणसं वरून विचारू लागली, काय झालं, काय झालं. बिसरामला तर आपली काडी चुकली याचाच राग होता. तो म्हणाला, "सेवक्या, खडा लागला, घागर फुटली, आमाले एका टक् मंधी समजलं. तू फुटली-फोडली सांगून कायले राहिलास? आमी भयरे हावो का?"

खरं सांगायचं तर बिसरामचं अगदीच चूक नव्हतं. ओळीवाचूनही गवळण भरली होती. पण तिथं कोणी गवळणीचं पाहत नव्हतं.

सेवकराम हात जोडून म्हणाला, "परखीभाऊ, खोटा नको म्हनू. बाकी काही बी म्हन."

बकारामनं आंगठा-बोट चोळलं, फुंकर मारली. "खोटा."

बिसरामनं तिथंच त्याच्या हातातले टाळ काढून घेतले. पोट्ट्यांनी नाव ठेवलं: जोड्या. घरून ओळ जोडणारा तो जोड्या. सेवकराम वाटेनं दिसला की पोट्टे टाळूला जीभ लावायचे, टक्. नंदाबाई रोवण्याला गेली की चिखलात वाकलेल्या बाया एकीमागून एक, टक्, टक्. तिनं एक पावसाळा काढला. मग माहेरी गेली ती परत आली नाही. सेवकराम सौंदडच्या टेसनाबाहेर पिंपळाखाली बिड्या वळत बसू लागला. तंबाखूची धूळ गळ्यात बसली. बोलला तर वाळलं तणस पायाखाली आल्यासारखा आवाज यायचा. गोदामाकडं जाता-येता बकाराम त्याच्याकडूनच बिडी घ्यायचा आणि म्हणायचा, "पत्ता पुरा हाय ना जोड्या? का यात बी जोड हाय?" सेवकराम बिडी द्यायचा. मान वर करायचा नाही.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एकदा गुलाबचंदचं धान गोंदियाच्या गिरणीत पोचवायला बकाराम गेला. बाजारात एका दुकानात बाजा वाजून राहिला होता. तीच गवळण, तीच बाई. बकाराम सवयीनं थांबला, डोळे मिटले, आंगठा-बोट चोळू लागला. सासू दारी झालं. त्याची जीभ टाळूला लागली. टक् आला नाही. बाई म्हणाली, फुटली नाही, फोडली गं.

त्यानं ती पुन्हा लावायला सांगितली. आणखी एकदा. दुकानदार कंटाळला.

"इसका टक् कहाँ गया?" बकारामनं विचारलं.

"कैसा टक्? नया माल है भाई. टक् तो फूटे तवे में होता है."

गाडीवान सोबत होता, त्यानं हे सारं नंतर गावात सांगितलं. बकारामनं कंबरेचे पैसे सोडून तवा विकत घेतला. तुम्हाला वाटेल, त्याला सेवकराम आठवला. नाही आठवला. वाटेत तो गाडीवानाला म्हणाला, "साऱ्या परगन्यात कोनाले ठाऊक नाही बे. मी पयला. मंडईत लावतो, मंग पाह्य बिसराम्याचं तोंड." तवा त्यानं छातीशी धरून आणला. मूलही त्यानं असं कधी धरलं नव्हतं.

मंडईचा दिवस. तोच आंबा, तीच दुपार. बाजा गाडीवर. बकारामनं आधी जुना तवा लावला, मग नवा. नवा संपला.  मग बिसरामनं विचारलं, "परखीभाऊ, टक् कोठी गेला?"

"टक् नव्हताच. तो ओरखडा होता."

"म्हंजे आमी इतकी सालं ओरखडा गात होतो?"

"होय."

हे त्यानं बोलायला नको होतं. समोर बारा टोल्यांचे गाणारे बसले होते. प्रत्येकाचा टक् त्यानंच कधी ना कधी चिमटीत धरून खरा-खोटा केलेला. ज्यांना खोटा म्हटलं होतं ते तर आधीच दात धरून होते.

"पहिले आला तो असल," मागून एकजण म्हणाला. "मांगून आला ते नक्कल. तुमीच सांगलात ना परखीभाऊ?"

"अरे पर बाई तीच हाय!"

"मंग मांगून जोडून घेतली असन बाईनं. तुमाले तवा इकाले."

हशा पिकला.  बकाराम गर्दीत नजर फिरवू लागला आणि त्याला कडेला सेवकराम दिसला, बिड्यांचं सूप घेऊन बसलेला. "सेवकरामभाऊ!" बकाराम ओरडला. इतक्या वर्षांत 'भाऊ' पहिल्यांदा. "तू ये. तू सांग ह्यायले. तू गोंदियाले आयकलास ना? ही ओर तव्यावर हाय का नाही?"

साऱ्या माना वळल्या. आणि आम्हा साऱ्यांना तेव्हाच समजलं की सेवकराम "हाय" म्हणाला, तर जोड्या हे नाव पुसलं जाईल, बिसरामला टाळ परत द्यावे लागतील, आणि ज्यानं ज्यानं टक् केला त्याला खाली पाहावं लागेल. एका शब्दाचं काम.

सेवकराम काठी टेकत आला. "दोनी लावा," म्हणाला. दोन्ही तवे पुन्हा वाजले. त्यानं डोळे मिटले. आंगठा-बोट चोळलं, अगदी बकारामसारखं. मग चिमूट तोंडाशी नेली, दाताखाली काहीतरी फोडल्यासारखं केलं, आणि थुंकला.

"वला हाय," तो म्हणाला.

मंडई फुटली. सेवकराम थांबला. हसणं संपू दिलं. मग म्हणाला, "जुन्या तव्यावर ही ओर नाही. घरून जोडली. खोटा."

"खोटं बोलून राहिलास!" बकाराम खाटेवरून उतरला. "तूच तर गायलास बे! अथीच! ह्याच आंब्याखाली!"

"गायलो होतो ना," सेवकराम म्हणाला. "तूच सांगलास खोटा म्हून. मी परखीचं मानलो. तू नाही मानत का?"

बकाराम नवा तवा घ्यायला गाडीकडं धावला. गर्दी आत घुसली होती. ओढाओढीत तवा खाली पडला आणि सेवकरामची काठी त्याच्यावर टेकली. टेकली की मारली, ते ज्याचं त्यानं ठरवावं. तवा मधोमध चिरला. बकाराम दोन तुकडे उचलून, दोन्ही हात वर करून ओरडला, "फुटला नाही! फोडला! यानं फोडला!"

आणि साऱ्या मंडईनं, बायापोरांसकट, एका जिभेनं म्हटलं, "टक्!"

त्या दिवसापासून जोड्या म्हणजे बकाराम. बिसरामनं सेवकरामच्या हातात टाळ परत दिले. गळा उरला नव्हता, तरी दिले. सेवकराम पुढं बरीच सालं दंडारीत ती गवळण गात राहिला, खरडलेल्या आवाजात, आणि सासू दारी झालं की टक् करायचा, ओळ गिळून. ती ओळ त्यानं पुन्हा कधी उच्चारली नाही. नंदाबाईला निरोप धाडला होता. ती म्हणाली, आता काऊन येऊ?

गोदामात गाड्या लागल्या की बकारामनं दाणा दाताखाली धरला रे धरला, रांगेतून कोणीतरी टक् करायचं. त्याला दाणा कट्ट वाजला की रांगेतला टक् वाजला ते समजेना. ओला माल आत गेला, वाळलेला परत गेला. गुलाबचंदनं दुसरा माणूस ठेवला आणि परखी त्याच्या हाती दिली. "तुम्हारा कान गया, बकाराम, अब दाँत भी गया," एवढंच म्हणाला.

बकाराम घरी बसला. परसात, उखळापाशी, कारण सावली तिथंच होती. एका सकाळी देवकाबाईनं धान उखळात ओतलं, मुसळ उचललं आणि गाऊ लागली. कितीक सालांनी. भरली घागर, पानी निरे. पानी आणि निरे तिनं असे मोकळे सोडले, की शेजारणी कुडावरून डोकावल्या. वाट पाहते सासू दारी.

बकारामनं तिच्याकडं पाहिलं. देवकाबाईनं मुसळ थांबवलं, उखळाच्या काठावर नेलं आणि हळूच मारलं.

टक्.

मग ती रोज कांडायची. घरात तांदूळ असला तरी.